मधला डबा

न्यूयॉर्कला जायचं ठरल्यावर मला मिळालेले सल्ले सरळ दोन गटांत पडले आणि दोन्ही गटांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. करोनाची धास्ती घेतलेल्यांनी बजावलं, माणसांपासून लांब राहा, गर्दीत शिरू नकोस, गाडीत रिकामा डबा बघून बस. गुन्हेगारीच्या बातम्या वाचणाऱ्यांनी बजावलं, माणसांना सोडू नकोस, सामसूम रस्त्याने जाऊ नकोस, रिकाम्या डब्यात तर पाऊलसुद्धा टाकू नकोस. दोन्ही सल्ले काळजीपोटीच दिलेले. दोन्ही पाळायचे तर डोंबिवलीतच बसून राहणं उत्तम, असं माझ्या धाकट्या दिराने हसत हसत सांगितलं आणि त्यात खोट काढता येत नव्हती.

नोव्हेंबर २०२१ ची ही गोष्ट. ४ मेपासून भारतातून येणाऱ्या बहुतेकांसाठी अमेरिकेने दार लावून घेतलं होतं. ८ नोव्हेंबरला लस पूर्ण केलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी ते उघडलं. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, तरुणपणीच तिकडे गेलेली. दुसऱ्या लाटेत मावशी गेली तेव्हा ताईला येता आलं नाही. फोनवर रडून झालं होतं, भेटून बोलायचं राहिलं होतं. शहर बघायची हौस होतीच, पण नुसत्या हौसेसाठी त्या दिवसांत मी घराबाहेर पडले नसते.

ताईचं घर क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला. मॅनहॅटनचे काचेचे मनोरे डोळ्यांसमोर ठेवून गेलेला माणूस इथे चक्रावतो. रूझवेल्ट अव्हेन्यूच्या डोक्यावरून लोखंडी खांबांवर सात नंबरची गाडी धडधडत जाते आणि खालच्या रस्त्यावर ऊन पट्ट्यापट्ट्यांनी पडतं. खांबाखांबाशी एकेक बाई ढकलगाडी घेऊन उभी. कुणाकडे मक्याच्या पानात वाफवलेले तमाले, कुणाकडे आंब्याच्या फोडी, वर लिंबू पिळून आणि तिखटमीठ भुरभुरून. शाळेच्या फाटकाबाहेर कैरी खाल्लेल्या माणसाला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. मी बोटाने तिखटाचा डबा दाखवला, तिने मान डोलावून मूठ सैल सोडली. दोन गल्ल्या पुढे गेलं की चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्यांची आणि सोन्याची दुकानं, पटेल ब्रदर्समध्ये कढीपत्ता आणि भाकरीचं पीठ, त्र्याहत्तराव्यावर बांगलादेशी मिठाया, मधल्या चौकात नेपाळी आणि तिबेटी मोमो. या एवढ्याशा भागात दीडशेहून जास्त भाषा बोलतात असं म्हणतात. मोजायला कोण बसलंय, पण पहिल्याच सकाळी नुसतं दूध आणायला गेले तर त्यातल्या सहा-सात तरी कानावर पडल्या असतील.

ताईची इमारत विटांची, जुनी, आतल्या बाजूला सगळ्यांची मिळून एक बाग. तिथल्या लिफ्टचा शिष्टाचार मला फार मजेचा वाटला. आत एकजण असेल तर बाहेरचा माणूस चढत नसे. हसून हात हलवायचा, 'तुम्ही जा, मी पुढची घेईन'. मास्कमुळे हसू दिसत नाही म्हणून डोळे जरा जास्तच बारीक करायचा. आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये सहाजण कोंबलेले असले तरी सातव्याला 'या या, होईल जागा' म्हणायची रीत. इथे स्वतः बाहेर थांबणं हा आदर, तिथे आत ओढून घेणं. दीड वर्षात जगात सगळीकडे सारख्याच पाट्या लागल्या, वागणं मात्र जिथलं तिथलंच राहिलं.

पहिल्या दुपारी ताई मला चौतिसाव्या अव्हेन्यूवर घेऊन गेली. २०२० मध्ये लोकांना मोकळं फिरता यावं म्हणून हा रस्ता सव्वीस चौकांपर्यंत दिवसभर गाड्यांना बंद केला, तो अजून तसाच होता. एका चौकात पोरं सायकल शिकत होती, पुढे बायकांचा झुंबा चालला होता, एका कोपऱ्यात खुर्च्या टाकून कुणी नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवत होतं. गाड्यांवाल्यांचा अर्थातच विरोध होता, तशी पत्रकं खांबांवर लावलेली होती. आम्ही बाकावर बसलो. ताई जवळच्याच एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. मावशीचं बोलायला आलो होतो, पण ती २०२० च्या एप्रिलचं बोलायला लागली.

त्या वसंतात अमेरिकेत सगळ्यात भीषण तडाखा बसलेल्या भागांपैकी हा एक. एल्महर्स्टचं सरकारी रुग्णालय इथून पायी जाण्याच्या अंतरावर. त्याच्या बाहेर पहाटेपासून रांग लागायची आणि रुग्णवाहिकांचे भोंगे थांबायचेच नाहीत. "आधी भोंगा वाजला की वाटायचं, कोणाला तरी नेतायत. मग मग भोंगा थांबला की दचकायचे," ताई म्हणाली. संध्याकाळी सात वाजता सगळं शहर खिडक्यांत येऊन टाळ्या आणि भांडी वाजवायचं. आपण २२ मार्चला एकदा थाळ्या वाजवल्या, इथे ते आठवडेच्या आठवडे रोज चाललं. मी विचारलं, बरं वाटायचं का? ताई म्हणाली, "त्या वेळेला मी बहुतेक गाडीत असायचे गं. डब्यात आम्ही चौघं-पाचजण. एक नर्स, एक लादी पुसणारा, एक दुकानातला. आमच्यासाठीच वाजवत होते म्हणे. आम्हाला ऐकूच यायचं नाही."

हे ऐकल्यापासून त्या गाडीकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ पासून रात्रंदिवस चालते. मे २०२० मध्ये पहिल्यांदाच ती रोज रात्री एक ते पाच ठरवून बंद ठेवली, डबे धुण्यासाठी, आणि पूर्ण वेळ पुन्हा सुरू व्हायला मे २०२१ उजाडलं. साथीआधी कामाच्या दिवशी प्रवाशांच्या पंचावन्न लाख फेऱ्या व्हायच्या. मी गेले तेव्हा त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त परत आल्या होत्या. सगळं आयुष्य लोकलच्या वेळेवर काढलेल्या माझ्यासारखीला हे आकडे पाठ करावे लागत नाहीत. आमची लोकल मार्च २०२० मध्ये थांबली, मग अत्यावश्यक सेवेची, मग बायकांची, मग ठरावीक वेळात सगळ्यांची, मग पुन्हा बंद, आणि शेवटी १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोसवाल्यांची. फलाटावर पाऊल ठेवण्याची परवानगी म्हणजे काय हे मुंबईकराला चांगलं कळतं.

ताईने फलाटावर मला ओढत ओढत मधोमध नेलं. तिथे छताला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची एक आडवी फळी टांगलेली होती. गाडी थांबली, मधल्या डब्याची छोटी खिडकी उघडली, आतल्या कंडक्टरने डोकं बाहेर काढलं आणि त्या फळीकडे चक्क बोट रोखलं. मग दारं उघडली. गाडी फलाटावर बरोबर उभी आहे ना, दारं भलतीकडे तर उघडत नाहीत ना, याची ती खातरजमा. जपानी रेल्वेकडून ही पद्धत उचललेली आहे आणि १९९६ पासून इथे ती सक्तीची. दर स्थानकावर, दर वेळी बोट रोखायचं म्हणजे रोखायचंच. ताईला त्या शिस्तीशी कर्तव्य नव्हतं. तिचा नियम साधा होता. कंडक्टर जिथे, तिथे आपण. बायकांनी मधल्या डब्यात बसायचं. रात्री फलाटावर थांबायचं तेही पिवळ्या पाटीखाली, तिकीटघराच्या नजरेच्या टप्प्यात. आणि सगळी गाडी भरलेली असताना एकच डबा रिकामा दिसला, तर तो सोडून द्यायचा. तो कशामुळे तरी रिकामा असतो.

मुंबईत रिकामा डबा म्हणजे लॉटरी. पण नीट आठवलं तर आम्हीही रात्री उशिरा बायकांच्या डब्यात आधी पोलीस आहे का ते बघतो आणि नसला, आत एखादी-दुसरीच असली, तर सरळ जनरलमध्ये चढतो. पुरुषांच्या घोळक्यात उभं राहणं रिकाम्या लेडीजपेक्षा बरं. तेव्हा ताईचा नियम मला शिकावा लागला नाही.

शनिवारी मात्र सात नंबर खचाखच भरलेली होती. आणि कोणाने? निळ्या, गुलाबी, जांभळ्या केसांचे टोप घातलेल्या पोरापोरींनी. कुणाच्या पाठीला पुठ्ठ्याची तलवार, कुणाला मांजराचे कान, एका धिप्पाड मुलाने शाळेतल्या मुलीचा झगा घातलेला. हडसन यार्ड्सच्या बाजूला जॅव्हिट्स सेंटर नावाचं मोठं प्रदर्शन-संकुल आहे, तिथे जपानी ॲनिमेशनवाल्यांचा मेळावा होता. पन्नास हजारांहून अधिक लोक जमले होते म्हणे. त्याच जॅव्हिट्समध्ये २०२० च्या वसंतात सैन्याने करोना रुग्णालय उभारलं होतं, पुढच्या वर्षी तिथेच लसीकरणाचं मोठं केंद्र झालं, आणि आता या तलवारी. डब्यात हसणं-खिदळणं चाललं होतं. एका मुलीने उठून ताईला जागा दिली, तिची तलवार माझ्या पिशवीत अडकली, तिने चार वेळा सॉरी म्हटलं. क्वीन्समधून मॅनहॅटनकडे जाताना गाडी वळण घेते आणि समोर अख्खी गगनरेषा उलगडते. सगळ्यांनी एकदमच फोन वर केले. त्या गर्दीत मला पहिल्यांदा वाटलं, आता फिरायला हरकत नाही. पहिल्या गटाचे सल्ले साफ विसरले होते.

मिडटाऊनमध्ये उतरल्यावर ती गर्दी कुठल्या कुठे विरली. टाइम्स स्क्वेअरला माणसं होती, पण चार रस्ते बाजूला सरकलं की कार्यालयांच्या इमारती वरपर्यंत दिवे लावून रिकाम्या उभ्या. तळमजल्यावरच्या सँडविचच्या दुकानांवर भाड्याने देण्याच्या पाट्या. एका कोपऱ्यावर कॉफीची गाडी लावलेला बांगलादेशी गृहस्थ भेटला. माझं हिंदी ऐकताच 'आपा' म्हणून बोलायला लागला. त्याच्या मागच्या बत्तीस मजली इमारतीकडे मान उडवून म्हणाला, "ही सगळी माझी गिऱ्हाइकं. कोणाला किती साखर, मला माहीत होतं. आता सगळे घरातून काम करतात. घरात बसून कोण माझी कॉफी पिणार?" मी म्हटलं, आता पर्यटक येतील की. २०१९ मध्ये या शहरात ६ कोटी ६६ लाख पाहुणे आले होते, २०२० मध्ये २ कोटी २३ लाख. परत येतील. तो हसला. "पर्यटक एकदा पितो, आपा. फोटो काढतो. उद्या दुसऱ्या गाडीवर जातो." माझ्याकडून त्याने पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केल्यावर घेतले आणि एक डोनट कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

टाइम्स स्क्वेअरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ते जाहिरातीत दिसतं तसंच आहे, फक्त जाहिरातीत गांजाचा वास येत नाही. मार्चपासून तो कायदेशीर झाला होता आणि वास शहरभर होता. बंदूकधारी पोलीस उभे होते, पर्यटक त्यांच्यासोबत फोटो काढून घेत होते आणि पोलीसही हसून उभे राहत होते. आपल्याकडे बंदोबस्तावरच्या हवालदाराबरोबर सेल्फी घेऊन बघा.

संध्याकाळी 'द फँटम ऑफ द ऑपेरा' बघितलं. मार्च २०२० मध्ये ब्रॉडवेची सगळी नाट्यगृहं बंद झाली, ती २०२१ च्या उन्हाळ्यापासून एकेक उघडत होती. १९८८ पासून चालू असलेलं 'फँटम' परतलं ते २२ ऑक्टोबरला. महाराष्ट्रातली नाट्यगृहंही त्याच तारखेला उघडली. फरक असा, की आपल्याकडे निम्म्याच खुर्च्या विकायची परवानगी होती आणि इथे घर पूर्ण भरलेलं. खुर्ची मोकळी ठेवण्याऐवजी यांनी दारावर माणूस नेमला होता. लसीचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, मास्क, मगच प्रवेश. आत दाखल झाल्यावरही 'मास्क नाकावर' अशा अर्थाची पाटी उंच धरून नाट्यगृहाचे सेवक रांगांमधून फिरत होते. दाराशी माझं प्रमाणपत्र बघणाऱ्या तरुणाने खालच्या फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. मी म्हटलं, ते आमचे पंतप्रधान. तो गंभीरपणे म्हणाला, "दाढी छान आहे," आणि आत सोडलं.

नाटक सुरू व्हायच्या आधी दिवे मंदावले आणि टाळ्या सुरू झाल्या. अजून रंगमंचावर काहीच घडलं नव्हतं. माझ्या शेजारची वयस्क बाई डोळे पुसत होती. नंतर झुंबर आलं, संगीत आलं, सगळं देखणं आणि नेमकं. खरं सांगायचं तर नाटक मला फारसं भिडलं नाही, फार गुळगुळीत वाटलं. त्या आधीच्या टाळ्या मात्र विसरले नाही. मध्यंतरात वड्याचा वास नसेल तर नाटकाला गेल्यासारखं वाटत नाही, हा माझा गावंढळपणा समजा.

बाहेर जेवायला गेलो तर रस्त्याच्या कडेला, एरवी गाड्या उभ्या करतात तिथे, प्लायवूडच्या खोल्या बांधलेल्या. शहरभर हजारो हॉटेलांनी अशा खोल्या रस्त्यात थाटल्या होत्या. गणपतीच्या मांडवासारख्याच त्या, प्रत्येकाची सजावट वेगळी, कुणाला कागदी फुलं, कुणाला झुंबर, आणि वाहतुकीने कुरकुरत का होईना त्यांना वळसा घालून जायचं. आत डोक्यावर शेगडी तापत होती आणि पाय थंडीने गारठत होते. वाढणारी मुलगी इक्वाडोरची. तिला म्हटलं, आत जागा आहे तरी लोक इथे का बसतात? ती म्हणाली, "काहींना आतल्या हवेची भीती, काहींना लसीचा कागद दाखवायचा राग." मग थांबून म्हणाली, "मी दोन्हीकडे वाढते."

त्या खोलीच्या बाहेर विजेच्या सायकली लावून पाच-सात डिलिव्हरीवाले थांबले होते. बहुतेक मेक्सिको आणि ग्वाटेमालाचे. टाळेबंदीत सगळं शहर यांच्या हातून जेवलं, आणि हॉटेलांनी त्यांना स्वच्छतागृह वापरू द्यावं यासाठी नगर परिषदेला कायदा करावा लागला, तोही त्या सप्टेंबरात. ताईच्या इमारतीत येणारा एक मुलगा सांगत होता, सायकली हिसकावून नेणारी टोळकी पुलांवर टपलेली असतात. विलिस अव्हेन्यूच्या पुलावर रात्री हे लोक स्वतःच पहारा देतात आणि जथ्याजथ्याने पूल ओलांडतात. पोलिसांना फोन करून उपयोग नाही का? तो म्हणाला, करतो की. पण पूल तर आत्ता ओलांडायचा असतो.

मला तेव्हा लख्ख दिसलं, की मी ज्या गर्दीच्या आधाराने बिनधास्त फिरत होते ती ही माणसं होती. घरी बसण्याची सोय असलेले अजून घरीच होते. मधल्या डब्यात माझ्या आजूबाजूला बसलेले, सकाळी सहाला पेंगणारे, हातात डबा आणि पायांत कामाचे बूट असलेले लोक रोज यायचे म्हणून तो डबा मला सुरक्षित होता. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, धोका वाटतो का. दुकानांच्या काचांवर 'न्यूयॉर्क परत आलंय' असं लिहिलेलं वाचलं की मनात यायचं, हे गेले कधी होते?

फ्लशिंगला गणपतीच्या देवळात गेलो. बाऊन स्ट्रीटवरचं हे देऊळ १९७७ चं, दाक्षिणात्य गोपुराचं. त्या रस्त्यावर आणि आसपास देवळं, चर्च, सिनेगॉग, गुरुद्वारा यांची रीघ आहे. १६५७ मध्ये डच गव्हर्नरने क्वेकर पंथीयांवर बंदी घातली तेव्हा इथल्या साध्या गावकऱ्यांनी, स्वतः क्वेकर नसताना, तिच्याविरुद्ध लेखी निषेध केला होता. तळघरातल्या उपाहारगृहातून डोसे बांधून घेतले आणि बाहेर थंडीत उभ्याने खाल्ले. चटणी गोठायच्या आत संपवायची होती. मेन स्ट्रीटच्या चिनी बाजारात पानकोबी आणि जिवंत खेकडे निवडणाऱ्या आज्ज्या पाहिल्या. पिशवीच्या पट्ट्याला किल्ल्यांबरोबर एक छोटं यंत्र, दाबलं की कर्कश वाजणारं. त्या वर्षी आशियाई चेहऱ्यांवर, विशेषतः म्हाताऱ्यांवर, रस्त्यात हल्ले झाले होते. रोग तुम्हीच आणलात म्हणून. त्यांना घरापर्यंत सोबत करणारे स्वयंसेवक काही वस्त्यांमध्ये तयार झाले होते. फलाटावर या बाया रुळांपासून लांब, भिंतीला पाठ लावून उभ्या राहत. ताईही तशीच उभी राहते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिला विचारलं, तर म्हणाली, "आपण त्यांच्यासारखे दिसत नाही. पण ढकलणारा कुठे नीट बघतो?"

स्टेटन आयलंडच्या फुकट नारिंगी बोटीने जाऊन स्वातंत्र्यदेवीला लांबून हात केला आणि त्याच बोटीने परतलो. वारा असा होता की तिने मशाल कशी टिकवली याचंच कौतुक वाटलं.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी मेसीज या मोठ्या दुकानाची मिरवणूक. आदल्या वर्षी ती फक्त टीव्हीपुरती काढली होती, यंदा प्रेक्षकांना परवानगी होती. आम्ही सिक्स्थ अव्हेन्यूवर जागा धरली. इमारतींच्या चौथ्या-पाचव्या मजल्याएवढे फुगे, दोरांनी खाली ओढून धरलेले, कुत्रा स्नूपी, छोटा हिरवा योडा. मुलं बापांच्या खांद्यावर. अनोळखी माणसं थर्मासमधली कॉफी एकमेकांना देऊ करत होती आणि घेणारा मास्क खाली करून पीत होता. पण आडव्या येणाऱ्या रस्त्यांच्या तोंडाशी नगरपालिकेचे कचऱ्याचे ट्रक आडवे लावलेले होते. रिकामे नव्हते, वाळूने भरलेले. कोणी गर्दीत गाडी घालू नये म्हणून. चारच दिवसांपूर्वी विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावात नाताळच्या मिरवणुकीत एकाने गाडी घातली होती, सहाजण गेले होते. माझ्या पुढे उभ्या असलेल्या आईने मुलाला ट्रककडे बोट दाखवून सांगितलं, "तो बघ, केवढा मोठा ट्रक!" मुलाला तो फुग्यांइतकाच आवडला.

दुसरा दिवस २६ नोव्हेंबर. इथल्या लोकांसाठी खरेदीचा शुक्रवार. आम्ही ग्रँड सेंट्रल बघायला गेलो. छतावर हिरवट आभाळ आणि सोनेरी राशी, मधोमध चार तोंडांचं घड्याळ, आणि जिन्यापाशी लष्करी गणवेशातले जवान, रायफली घेऊन. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर ते तिथे आहेत, त्यांच्याकडे आता कोणी बघतही नाही. मी बघत राहिले. २००८ मध्ये त्या तारखेला संध्याकाळी मी नेहमीच्या गाडीने सीएसटीवरून घरी आले होते. तिथला गोळीबार रात्री झाला. अठ्ठावन्न माणसं गेली. पुढे लोक परत त्या फलाटांवरून जायला लागले, मीही, तेव्हा वर्तमानपत्रांनी मुंबईच्या जिद्दीचं फार कौतुक केलं. मला त्या शब्दाचा तेव्हाही राग यायचा. जिद्द कसली? हजेरीचं मस्टर होतं. पुढे सीएसटीला धातुशोधक चौकटी लागल्या. त्या प्रत्येकाला बघून वाजायच्या आणि कोणी थांबत नसे.

त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने करोना विषाणूच्या नव्या प्रकाराचं नाव जाहीर केलं. ओमायक्रॉन. ताईच्या फोनवर प्रयोगशाळेतून मेसेज येऊ लागले. २ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्येच रुग्ण सापडल्याचं जाहीर झालं. त्याच दिवशी अशीही बातमी आली, की मिनेसोटात आढळलेला रुग्ण जॅव्हिट्समधल्या त्या ॲनिमेशनच्या मेळाव्याला येऊन गेला होता. तलवारी, मांजराचे कान, सॉरी म्हणणारी मुलगी. मी आणि ताई एकमेकींकडे बघत राहिलो. ज्या डब्यात मला इतकं निर्धास्त वाटलं होतं, तोच तो डबा.

दुसऱ्या दिवशी फुटपाथवरच्या तपासणीच्या गाडीपाशी रांगेत उभं राहून आलो. रांगेत दोन-दोन हातांचं अंतर, पण बोलणं चालू. पुढचा टॅक्सीवाला पंजाबी होता, मागची बाई कोलंबियाची. ती म्हणाली, नाताळला पाच वर्षांनी आई येणार आहे, आता कळत नाही. टॅक्सीवाला म्हणाला, "येऊ द्या. आया वाट बघत नाहीत." ताईने मान दुसरीकडे वळवली. आमचे दोघींचे अहवाल नकारात्मक आले.

त्या आठवड्यात गाडीतला फरक डोळ्यांना दिसत होता. आधीच्या आठवड्यात शेजारी बसणारे लोक एक जागा सोडून बसू लागले, हनुवटीवरचे मास्क नाकावर चढले, काही उभेच राहिले. शेवटच्या संध्याकाळी फलाटावर आलो तेव्हा ताई पट्ट्यांच्या फळीखाली गेली खरी, पण गाडी आल्यावर दारातून आत डोकावून घुटमळली. मधला डबा भरलेला होता. पलीकडच्यात तिघंचौघं. तिने कंडक्टरच्या खिडकीकडे पाहिलं, त्याने फळीकडे बोट रोखलेलं होतं. मग तिने मला भरलेल्या डब्यातच ढकललं आणि आम्ही दाराशी, खांब न धरता, तोल सावरत उभ्या राहिलो.

"तुमची लोकल आता कशी असते?" तिने विचारलं.

"पहिल्यासारखीच. ठाण्यानंतर आत शिरता येत नाही."

"मग बरं," ती म्हणाली. आणि पुढच्या स्थानकावर दारं उघडायच्या आत, "घरी गेलीस की दोन मास्क लाव, एकावर एक."